डायनॅमिक आयपी अडवताना आपलेच मेल अडतात, तेव्हा

तक्रारी ठरलेल्या असतात. ऑफिसमधून मेल जातो, घरून जात नाही. वायफायवर जातो, मोबाइल डेटावर जात नाही. राउटर बंद करून चालू केला की एखाद्या वेळी सुटतो आणि दोन दिवसांनी पुन्हा अडतो. पासवर्ड बरोबर, इंटरनेट सुरू, आणि फोनवर समोरचा माणूस म्हणतो, "अहो, काल तर जात होता!"

माणूस तोच, पासवर्ड तोच, अटॅचमेंटही तीच, बदलला तो फक्त आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. असं चित्र दिसलं की स्पॅमचे फिल्टर, मेलबॉक्सचा कोटा, अँटिव्हायरस वगैरे बाजूला ठेवा आणि सरळ एकाच गोष्टीकडे बघा: कुठला तरी सर्व्हर 'हा पत्ता डायनॅमिक रेंजमधला (कायमचा नसलेला, बदलत राहणारा) आहे' म्हणून नकार देतोय. तो दुसऱ्याचा असेल किंवा तुमचाच असेल.

ही तपासणी, म्हणजे आलेला पत्ता अशा रेंजच्या यादीत शोधणं, काढून टाका, असं मी सांगणार नाही. अजूनही इतक्या कमी खर्चात इतका कचरा दारातच अडवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. पण ती फक्त एकालाच लावायची असते: पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर), लॉगिन न करता, बाहेरून थेट येऊन धडकलेल्या मशीनला. या पोस्टमधले जवळपास सगळे घोटाळे तीच तपासणी भलत्याला लावल्यामुळे झालेले आहेत. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसा प्रकार.

आधी यादीबद्दल थोडं

डायल-अपच्या जमान्यात मॅप्स नावाच्या संस्थेची डायल-अप वापरणाऱ्यांच्या पत्त्यांची यादी होती. पुढे ब्रॉडबँड आलं, घरचे कॉम्प्युटर चोवीस तास चालू राहू लागले, आणि ऑगस्ट २००३ मधल्या सोबिग-एफ सारख्या वर्मने त्यातले ढीगभर कॉम्प्युटर मेल फेकणारी यंत्रं करून टाकले. तेव्हापासून मेल चालवणाऱ्यांनी एक साधा नियम धरला. घरच्या कनेक्शनवरच्या कॉम्प्युटरला परक्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर थेट जाण्याचं काही कारणच नसतं. त्याने आपल्या मेलसेवेकडे लॉगिन करून जावं, पुढचं ती सेवा बघेल. त्यासाठी पोर्ट ५८७ हे १९९८ मध्येच वेगळं काढलेलं आहे, आणि ४६५ ही आता रीतसर वापरात आहे.

आज या कामासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल, म्हणजे पॉलिसी ब्लॉक लिस्ट. तिच्याबद्दल गैरसमज भरपूर. पीबीएलमध्ये नाव आलं म्हणजे तुम्ही स्पॅम पाठवला, असं होत नाही. 'या रेंजमधून थेट मेल येणं अपेक्षित नाही' एवढंच ती सांगते. बऱ्याच रेंज तर इंटरनेट कंपन्यांनी स्वतःच नोंदवलेल्या असतात. यादीला पत्ता विचारल्यावर उत्तर १२७.०.०.१० आलं तर नोंद कंपनीची, १२७.०.०.११ आलं तर स्पॅमहॉसने स्वतः केलेली. ग्राहक घाबरून "आपल्याला हॅक केलंय का?" असं विचारतो तेव्हा हे दोन आकडे पाठ असलेले बरे. १२७.०.०.४ दिसलं तर मात्र खरंच काळजी करा. ती एक्सबीएल ही स्पॅमहॉसची दुसरी यादी आहे आणि त्या पत्त्यामागे बहुधा व्हायरस लागलेलं मशीन आहे.

लॉगची एक ओळ नीट वाचा

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, अशी ओळ दिसते (मूळ इंग्रजीत असते, पत्ता उदाहरणापुरता):

पोस्टफिक्स/एसएमटीपीडी: नोक्यू: रिजेक्ट: आरसीपीटी फ्रॉम अननोन[२०३.०.११३.४५]: ५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट [२०३.०.११३.४५] ब्लॉक्ड युझिंग झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग

यात चार गोष्टी बघायच्या. पहिली, ओळीच्या सुरुवातीचं प्रोसेसचं नाव. नुसतं 'एसएमटीपीडी' असेल तर माणूस पोर्ट २५ वर आलाय. मध्ये 'सबमिशन' असेल तर तो ५८७ वरून, म्हणजे घरच्या माणसांच्या दाराने आलाय. हा फरक दिसण्यासाठी पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमधली सिसलॉग नेमची ओळ उघडलेली (पुढचं # काढलेली) हवी. नसेल तर आधी ती उघडा, नाहीतर पुढचा सगळा तपास अंधारात. दुसरी, 'अननोन', म्हणजे त्या पत्त्याचं रिव्हर्स नाव (पत्त्यावरून शोधलं जाणारं नाव) नाही किंवा ते उलटसुलट जुळत नाही. तिसरी, आकडा. ५५४ हा कायमचा नकार, तर ४५० म्हणजे 'नंतर ये'. चौथी, कुठल्या यादीमुळे अडवलं तिचं नाव (इथे झेन, म्हणजे पीबीएल, एक्सबीएल वगैरे एकत्र). ही शेवटची गोष्ट न वाचता लोक व्हाइटलिस्ट करत सुटतात.

नाशिकच्या एका कारखान्यात साहेब मुंबईला जाताना गाडीतून कोटेशन पाठवायचे, आणि ते कसाऱ्याच्या आसपास नेमकं अडकायचं. सगळे घाटातल्या रेंजला शिव्या देत होते. लॉगमध्ये ५५४ स्पष्ट दिसत होतं. रेंज गेली असती तर कनेक्शन मध्येच तुटल्याची नोंद दिसली असती. ५५४ म्हणजे फोन सर्व्हरपर्यंत पोचला, बोलणं झालं, आणि सर्व्हरने तोंडावर नाही म्हटलं. ऑफिसच्या वायफायवर हाच मेल जायचा, कारण ऑफिसची लाइन स्टॅटिक आयपीची. मोबाइल डेटाचा पत्ता पीबीएलमध्ये, आणि तो असायलाच हवा.

कारण अगदी नेहमीचं होतं. मास्टर फाइलमध्ये सबमिशनची मुख्य ओळ तेवढी उघडली होती आणि खालच्या, आडव्या रेघेने आणि 'ओ' अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी तशाच बंद ठेवल्या होत्या. अशा वेळी ५८७ चं दार मेन फाइलमधले सगळे नियम उचलतं, आणि तिथे 'रिजेक्ट आरबीएल क्लायंट' (यादीतल्याला नकार) हा नियम 'परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड' (लॉगिन केलेल्याला परवानगी) च्या आधी लिहिलेला. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतो आणि पहिला लागू झालेला निर्णय घेऊन मोकळा होतो. लॉगिन केलेल्या माणसाची ओळख पटायच्या आतच पत्त्यावरून नकार.

उपाय दोन ठिकाणी. सबमिशनसाठी वेगळे नियम द्या: लॉगिन केलेल्याला आत घ्या, बाकी सगळ्यांना नकार, मध्ये कुठलीही यादी नाही. आणि मेन फाइलमध्येही क्रम सुधारा: आधी माय नेटवर्क्स (आपले स्वतःचे पत्ते), मग लॉगिन केलेले, मग परक्या डोमेनचं रिले (दुसऱ्यांचे मेल पुढे पोचवणं) बंद करणारा नियम, आणि त्यानंतरच यादीची तपासणी. (या नावांतले शब्द फाइलमध्ये अंडरस्कोरने जोडलेले असतात, ते विसरू नका.) पोर्ट २५ वर पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी) बसवला असेल तर फोन आणि आउटलुक यांना २५ वापरूच देऊ नका. पोस्टस्क्रीन लॉगिन वगैरे विचारत बसत नाही, पत्ता बघून बाहेर काढतो. जुन्या लॅपटॉपांमध्ये २५ भरून ठेवलेलं सापडतंच, एकदा बसून सगळे बदलून टाका.

एकाएकी सगळेच अडले, किंवा एकही अडेना

ही तक्रार वरच्यापेक्षा भयंकर, कारण रात्रीत उभी राहते. सकाळी नऊला बाहेरून एकही मेल नाही. लॉग उघडावा तर जो येईल तो यादीत. मोठमोठ्या बँकांचे सर्व्हरसुद्धा!

इथे यादीकडून नक्की काय उत्तर येतंय ते हाताने विचारा. डीएनएसला (नावं आणि पत्ते शोधून देणारी इंटरनेटची व्यवस्था) प्रश्न विचारणाऱ्या डिग कमांडला पत्ता उलटा करून द्यायचा असतो: १२७.०.०.२ साठी २.०.०.१२७.झेन.स्पॅमहॉस.ऑर्ग. हा चाचणीचा पत्ता आहे, तो यादीत सापडलाच पाहिजे. त्याच पद्धतीने १२७.०.०.१ विचारा, तो कधीही सापडता कामा नये. या दोन प्रश्नांत यादी जिवंत आहे की नाही ते कळतं.

उत्तर १२७.२५५.२५५.२५४ आलं, तर आजार डीएनएसमध्ये आहे. तुमचा सर्व्हर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून आणणाऱ्या सर्व्हरमार्फत) विचारतोय आणि स्पॅमहॉस तसल्या रिझॉल्व्हरना उत्तर देत नाही, उलट हा इशारा पाठवतं. पोस्टफिक्समध्ये यादीचं नाव नुसतंच लिहिलं असेल, तर कुठलंही उत्तर म्हणजे 'सापडला' असं तो समजतो. इशाराच नकार ठरतो आणि सगळ्या जगाचे मेल अडतात. १२७.२५५.२५५.२५५ आलं तर तुमचे प्रश्न प्रमाणाबाहेर गेलेत, आणि २५२ ने संपणारं आलं तर यादीचं नाव टाइप करताना चुकलंय.

उपायाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही करायचे. सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, आणि तो पुढे कुणाकडे प्रश्न ढकलत नाही ना ते बघा. फॉरवर्डर लावलेला असेल तर बसवून न बसवल्यासारखंच. मग यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन फक्त १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं मान्य आहेत असं लिहा. पुढे कधी कुणी डीएनएस बदललं, तर निदान मेल बंद पडणार नाहीत, फक्त स्पॅम वाढेल. आणि बदलणारच. 'वेबसाइट उघडत नाही' म्हणून एखादा मुलगा येतो, रिझॉल्व कॉन्फ फाइलमध्ये चार आठ लिहून जातो, आणि मेलवाल्याला महिन्याने कळतं. व्यावसायिक किंवा मोठा वापर असेल तर स्पॅमहॉसची पैसे देऊन घ्यायची सेवा आहे, तिची किल्ली वापरली की ही रिझॉल्व्हरची भानगडच मिटते.

आणि मेलेल्या याद्या! दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी लेखातून उचललेल्या कॉन्फिगमध्ये एनजेएबीएल, सॉर्ब्स अशी नावं अजून सापडतात. एनजेएबीएल २०१३ मध्ये बंद झाली. सॉर्ब्सची डायनॅमिक पत्त्यांची यादी एके काळी पुष्कळ लोक वापरायचे, तीही जून २०२४ मध्ये संपली. बंद पडलेली यादी निरुपद्रवी असते या भ्रमात राहू नका. ओआरडीबी ही ओपन रिलेची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, आणि तरीही लोक विचारत राहतात म्हणून मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक पत्त्याला 'हो, यादीत आहे' असं उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्यांनी कॉन्फिग साफ केलं नव्हतं त्यांचे मेल त्या दिवशी ठप्प.

मेल नाकारला नाही, पण स्पॅममध्ये गेला

इथे सर्व्हरच्या दारात सगळं ठीक असतं, चूक आत बसलेल्या फिल्टरची असते. तुमचा ग्राहक घरच्या ब्रॉडबँडवरून, स्वतःच्या मेलसेवेत रीतसर लॉगिन करून मेल पाठवतो. त्याच्या मेलच्या हेडरमध्ये (मेलच्या प्रवासाच्या नोंदींत) खाली कुठेतरी घरचा पत्ता असतोच. तुमचा फिल्टर सगळ्यात वरचा, म्हणजे शेवटचा परका पत्ता सोडून खालचे सगळे पत्ते यादीत शोधत बसला, तर प्रत्येक प्रामाणिक माणूस त्यात सापडणार. पीबीएल अशी खोल हेडरमध्ये वापरायची नाही, हे स्पॅमहॉसही सांगतं.

स्पॅमअसॅसिन हे फिल्टरचं सॉफ्टवेअर मुळात फक्त शेवटच्या परक्या पत्त्यालाच पीबीएल लावतं. पण 'शेवटचा परका' कोण हे त्याला कळायला हवं ना. पुढे एखादा गेटवे किंवा क्लाउडवरचा फिल्टर असेल आणि त्याचे पत्ते ट्रस्टेड आणि इंटर्नल नेटवर्क्समध्ये लिहिलेले नसतील, तर हिशोब चुकतो. मेलच्या हेडरमध्ये 'आरसीव्हीडी इन पीबीएल' हा नियम लागलेला दिसला आणि मेल मात्र नावाजलेल्या सेवेकडून आलेला असला, तर नेटवर्कच्या या दोन ओळीच आधी तपासा. त्या नियमाचे गुण कमी करून वेळ मारून नेणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

यादी लावली, तरी स्पॅम येतोच

लॉगमध्ये बाहेरचे सगळे पत्ते एकसारखेच दिसतात का, बघा. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) सर्व्हर चालवणाऱ्यांना बऱ्याचदा जिथे तिथे १७२.१७.०.१ दिसतं. फायरवॉलवर आत येणाऱ्या कनेक्शनचाही पत्ता बदलला जात असेल, तर सगळे जण राउटरच्या आतल्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. यादीला विचारायला खरा पत्ताच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे हा आतला पत्ता बहुतेक वेळा माय नेटवर्क्समध्ये असतो, म्हणजे तुमचा सर्व्हर सगळ्या जगासाठी उघडा रिले झालेला असतो. हे दिसलं की चहा वगैरे नंतर, आधी पोर्ट २५ बंद करा. मग डॉकरला होस्टचं नेटवर्क द्या, किंवा पुढे प्रॉक्सी असेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉल चालू करून खरा पत्ता आत पोचवा. पोस्टफिक्सला ते येतं.

दुसरी पळवाट बॅकअप एमएक्सची, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या सर्व्हरची. स्पॅमवाले मुद्दाम दुसऱ्या क्रमांकाच्या सर्व्हरकडे जातात, कारण तिथे तपासणी ढिली असते. तुमच्या मुख्य सर्व्हरला मग तो मेल बॅकअपच्या चांगल्या पत्त्यावरून आलेला दिसतो. बॅकअपवरही तेच नियम लावा. ते जमणार नसेल तर बॅकअप काढून टाका. पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस करतो, त्यामुळे दोन तास लाइट गेली म्हणून मेल हरवत नाहीत.

आपणच अडवले जातो तेव्हा

ऑफिसातला स्कॅनर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बिलिंगचं सॉफ्टवेअर ही मंडळी साध्या ब्रॉडबँडवरून थेट जीमेलच्या सर्व्हरवर जाऊन मेल टाकायला बघतात. जीमेल ५५० ५.७.१ देऊन स्पष्ट सांगतं की या आयपीला आमच्याकडे थेट मेल पाठवायची परवानगी नाही, आपल्या सेवा देणाऱ्याचा रिले वापरा. संदेशात जे लिहिलंय तेच करायचं असतं. त्या यंत्रात मेलसेवेचा सर्व्हर, पोर्ट ५८७, युजरनेम आणि पासवर्ड भरा. यंत्र जुनं असेल आणि त्याला टीएलएस (कनेक्शन गुप्त ठेवायची पद्धत) येत नसेल, तर ऑफिसमध्ये एक छोटा पोस्टफिक्स बसवा, यंत्रांनी त्याच्याकडे द्यायचं आणि त्याने लॉगिन करून पुढे पाठवायचं.

डायनॅमिक कनेक्शनचा पत्ता पीबीएलमधून काढून घ्यायच्या फंदात पडू नका. राउटर बंद झाला की तो पत्ता दुसऱ्या कुणाचा तरी होतो आणि तुमच्या पदरी पुन्हा यादीतलाच येतो. कॅरियर ग्रेड नॅट असेल, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर बाहेर दिसणारा पत्ता तुमच्या एकट्याचा नसतोच.

खरोखर स्टॅटिक आयपी घेतलाय आणि तरी नकार येतोय, तर आधी रिव्हर्स नाव. इथे लोक हमखास अडतात. डोमेन जिथून घेतलं त्या पॅनलमध्ये ते शोधत बसतात आणि सापडत नाही. रिव्हर्स नाव ज्याचा पत्ता त्याच्याकडे, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे असतं. त्यांना लेखी मेल टाका: अमुक पत्त्याला अमुक नाव द्या. फोनवर सांगितलं तर "सर, मॉडेम रीस्टार्ट करून बघा" एवढंच ऐकायला मिळतं. तेच नाव पुढच्या दिशेने विचारल्यावर तोच पत्ता आला पाहिजे, आणि सर्व्हरने हेलोमध्येही (बोलणं सुरू करताना) तेच नाव सांगावं. हे झाल्यावर मग स्पॅमहॉसच्या साइटवर त्या एका पत्त्यासाठी वगळण्याची विनंती करा.

नावावरून अडवणं

काही जण यादी न वापरता रिव्हर्स नावात 'डीवायएन', 'डीएसएल', 'पूल' अशी अक्षरं किंवा आयपीचे आकडे शोधून मेल नाकारतात. मला हे फारसं पटत नाही. एखाद्या कंपनीच्या नावात 'एरोडायनॅमिक्स' असलं की तिचे मेल बंद! आपल्याकडे पैसे मोजून घेतलेल्या स्टॅटिक लाइनच्या रिव्हर्स नावातही आयपीचे आकडे असतात, किंवा रिव्हर्स नावच नसतं. छोटे पुरवठादार, सीए, ट्रान्सपोर्टवाले यातले बरेच जण अशाच लाइनवर बसलेले आहेत. म्हणून पोस्टफिक्सचा 'रिजेक्ट अननोन क्लायंट होस्टनेम' हा कडक नियम सरसकट लावू नका. 'रिव्हर्स' शब्द असलेला त्याचा सौम्य भाऊ फक्त नाव आहे का एवढंच बघतो, तो चालेल. नावाची अक्षरं बघायचीच असतील तर त्यावरून थोडे गुण वाढवा, थेट नकार नको.

कुठलाही नवा नियम आणताना पुढे 'वॉर्न इफ रिजेक्ट' लिहा. नकार दिला जात नाही, पण दिला असता तर कुणाला, हे लॉगमध्ये दिसतं. महिनाअखेर त्यातून जाऊ द्या, कारण बिलं आणि जीएसटीचे मेल त्याच दिवसांत येतात आणि अडचणीचे पत्ते तेव्हाच वर येतात. ज्यांना सूट द्यायची त्यांची यादी क्लायंट ॲक्सेसच्या फाइलमध्ये, आरबीएलच्या वरच्या ओळीत. प्रत्येक नोंदीच्या वर कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी सूट दिली ते कॉमेंटमध्ये लिहा, नाहीतर तो पत्ता पुढे दुसऱ्याच्या हातात जातो आणि सूट तशीच राहते.

पोस्टमास्टर या पत्त्याला मात्र सगळ्या याद्यांच्या आधी परवानगी द्या. ज्याला तुम्ही चुकून अडवलंय, त्याला तक्रार करायला तेवढी एकच वाट उरते. आणि तो मेलबॉक्स नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे फॉरवर्ड होत नाही ना, तेही बघून घ्या.